लागणारे शब्द

"हा नको," तात्या म्हणाले. "ह्याची प्रस्तावना दीड पानाची आहे. ज्याला स्वतःच्या कामाबद्दल एवढंच सांगता येतं, तो दुसऱ्याच्या भाषेबद्दल काय सांगणार?"

त्यांनी तो कोश बाजूला सरकवला आणि दुसरा उचलला. पुण्यातल्या त्या पुस्तकाच्या दुकानात आम्ही सकाळपासून उभे होतो. हवा होता फ्रेंच-इंग्रजी शब्दकोश. तोही असा, की प्रवासात पिशवीत मावेल आणि तिकडे पोचेपर्यंत वाटेत अभ्यासालाही उपयोगी पडेल. माणसं असली खरेदी हौसेनं करतात. आमचा जीव टांगणीला लागलेला होता.

तात्या म्हणजे माझे सासरे. वाईच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, करवतकाठी धोतर, काळी टोपी आणि जिभेवर सदा एक चिमटा. त्यांचा एकुलता एक मुलगा दिनकर, माझा नवरा, कापडगिरणीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. कंपनीनं त्याला पुढच्या शिक्षणासाठी फ्रान्सला पाठवलं होतं. उन्हाळ्यात मीही जायची होते, माझा पासपोर्टसुद्धा झाला होता. त्याआधीच तार आली. यंत्रावर काम करताना तो उंचावरून पडला होता. पाठीचा कणा मोडला होता, ताप उतरत नव्हता, आणि डॉक्टर काही खात्रीचं बोलत नव्हते. कंपनी घरच्या एकाच माणसाला तिकडे नेणार होती. धावपळ करून तात्यांचाही पासपोर्ट काढला होता. जायचं कुणी, ते नाव त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुण्याच्या ऑफिसात कळवायचं होतं.

खरं तर ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. तात्या जाणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. ते इंग्रजी जाणणारे, वडीलधारे, पुरुषमाणूस. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. कंपनीचे साहेब म्हणाले, वडील आलेले बरे. माझ्या बाबांनीही तेच सांगितलं. आम्ही जातीनं शिंपी, बाजारात बाबांचं शिलाईचं दुकान. ते म्हणाले, "मोठी माणसं आहेत, त्यांना जाऊ दे. तू मधे बोलू नकोस." मी बोलले नाही. आतून मात्र जळत होते. माझा माणूस तिकडे परक्या लोकांत पडलेला, आणि मी इथे मूग गिळून दुसऱ्याच्या प्रवासासाठी पुस्तक निवडायला आलेले.

त्यातून तात्यांचं नि आमचं लग्नापासून बोलणं नव्हतं. दिनकर बाबांच्या दुकानात सदरे शिवायला टाकायचा. चांगले तीन सदरे पुरले असते त्याला, पण तो येतच राहिला. शेवटी आम्ही साताऱ्याला जाऊन नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तात्यांनी दार लावून घेतलं. आम्ही साताऱ्यालाच बिऱ्हाड केलं. तार आल्यावर मात्र ते आपणहून माझ्या दाराशी आले. खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, "तार बघायला मिळेल का?" त्यानंतर वाईहून रोज येत होते, पण मला उद्देशून म्हणून कधी बोलले नाहीत. "पाणी मिळेल का", "जेवण झालं का", असं भिंतीकडे बघून बोलायचं. कुंदा हे माझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नव्हतं.

पण एक सांगते, माणसानं मेहनत काय कमी घेतली नाही. तार आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाचनालयातून एक जुना, विटेएवढा फ्रेंच कोश आणला आणि पहाटे घाटावर बसून तो पाठ करायला घेतला. पाठ, हो. लहानपणी पाठशाळेत त्यांनी संस्कृत कोश असाच मुखोद्गत केला होता, आणि भाषा शिकायची म्हणजे पहिल्या पानापासून सुरुवात करायची, ह्याखेरीज दुसरी वाट त्यांना माहीतच नव्हती. ए पासून सुरू करून, पुढे-मागे डुलत, मांडीवर ठेका धरत ते फ्रेंच घोकायचे. घाटावरच्या बायकांना वाटायचं, मुलासाठी काहीतरी अनुष्ठान मांडलंय. पुण्याला येईस्तोवर ते सी ओलांडून डी पर्यंत पोचले होते. डॉक्टर, दुखणं, हे त्यांना येत होतं. त्याच्या पुढचं दिनकरला काही झालं तर मात्र पंचाईत होती. हे माझ्या मनात आलं, आणि एरवी मला हसू आलं असतं.

वाचनालयाचा कोश परगावी नेता येत नव्हता आणि नेण्यासारखाही नव्हता. म्हणून ही खरेदी.

दुकानाचे मालक रेगे हे सावकाश बोलणारे वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्या दुकानाची एक रीत होती. कोश ते असा उचलून बांधून द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकापुढे दोन-तीन ठेवायचे आणि म्हणायचे, तुम्हाला जे शब्द लागणार आहेत ते ह्यांत काढून बघा. ज्यात सापडतील तो घ्या, नाही सापडले तर घेऊ नका. आम्हालाही त्यांनी तेच सांगितलं. नंतर घरी जाऊन माणूस पुस्तकाला शिव्या देतो, त्यापेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं.

एव्हाना काउंटरवर तीन कोश उरले होते. एक जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा, दिसायला रुबाबदार. एक मधला, मऊ बांधणीचा, हातात धरला की आपोआप उघडणारा. आणि एक तळहाताएवढा, प्लॅस्टिकच्या वेष्टणातला. तो खिशात मावला असता.

तात्या चष्मा पुसून कामाला लागले. प्रत्येक कोशात आधी प्रस्तावना, मग संक्षेपांची यादी, मग शब्द. परवानगी. जबाबदार. निदान. शस्त्रक्रिया. विलंब. पिता. एकेक शब्द काढायचे, आधी इंग्रजी बाजूनं, मग फ्रेंच बाजूनं उलट पडताळून बघायचे. तिन्ही कोशांत त्यांचे सगळे शब्द मिळाले. त्यामुळे निवडायचं कसं, हा घोळ काही सुटेना. रुबाबदार कोशाकडे त्यांचा कल होता. "ह्याला वजन आहे," ते रेग्यांना म्हणाले, आणि रेगे म्हणाले की वजन तर आहेच, ते विमानात चढतानाही मोजतील.

रेग्यांनी मग मधला कोश माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "बाई, तुम्हीही बघा. दोघांनी बघितलेलं बरं."

मला कशाला, असं म्हणणार होते. पण हात आधीच पुढे गेला होता. तात्या सोनेरी कोशाची प्रस्तावना दुसऱ्यांदा वाचत होते. मी पिशवी पायाशी ठेवली आणि शब्द काढायला लागले. मला शब्द आठवावे लागले नाहीत. माझी आई शेवटी वर्षभर अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं मीच केलं होतं. ते सगळे दिवस हातात तसेच होते.

तहान काढला. मिळाला. खाज काढला. मग चूळ भरणं. मग उशी, कूस बदलणं, चुरगळलेली चादर, ओली चादर. लघवीचं भांडं. पडून पडून पाठीला जखमा होतात त्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला आईच्या वेळच्या नर्सबाईंमुळे ठाऊक होतं. तो शब्द मी छोट्या कोशात बघितला, नव्हता. त्यात हॉटेलं आणि आगगाड्या खूप होत्या. सोनेरी कोश तात्यांच्या हातात होता. मधल्यात बोट फिरवत फिरवत गेले, तर तो होता. मी श्वास सोडला असेन, कारण तात्यांनी मान वर केली.

"काय शोधणं चाललंय?" त्यांनी विचारलं. भिंतीकडे बघूनच.

मी सांगितलं. लाजायचं काय त्यात. एकेक शब्द सांगत गेले आणि ते ऐकत गेले. मधेच त्यांनी सोनेरी कोश मिटला.

"कूस बदलायला शब्द कशाला लागतो?"

"थोड्या थोड्या वेळानं बदलावी लागते," मी म्हटलं. "नाहीतर पाठ सोलवटते. नर्सना दहा कामं असतात, त्या विसरल्या तर त्यांना सांगावं लागेल."

"तो सांगेल की. त्याला भाषा येते."

"हे नाही सांगणार." त्यांच्यासमोर मी दिनकरला 'हे'च म्हणायचे, घरात अरे-तुरे असलं तरी. "ह्यांना कुणाकडे काही मागायची सवयच नाही. घसा कोरडा पडला तरी पाणी मागणार नाहीत. आपल्याला बघून ओळखावं लागतं. ते तुम्हाला माहीतच आहे."

मी टोचून बोलले नव्हते. जे होतं ते सांगितलं. पण तात्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली. मग मधला कोश माझ्या हातातून घेतला आणि स्वतः तो जखमेचा शब्द काढून वाचला. मनातल्या मनात दोनदा म्हटला असावा, ओठ हलत होते. पाठ करायची सवय.

"हा द्या," ते रेग्यांना म्हणाले. रेगे कागदात बांधायला लागले तर त्यांना थांबवलं आणि कोश तसाच माझ्या पिशवीत घातला.

बाहेर ऊन होतं. ऑफिस तिथून फार लांब नव्हतं, पण तात्या बसथांब्याच्या बाकावर बसले. बस यायच्या आणि जायच्या, आम्ही कुठल्याच बसला हात केला नाही. मी उभीच होते. ते म्हणाले, "बस, कुंदा."

मी बसले. पिशवी मांडीवर घेतली.

"तिकडे तू जा."

मला खरं तर हेच हवं होतं. देवाजवळ रोज हेच मागत होते. तरी तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हटलं, "तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं असेल. एवढ्या दिवसांत बोलणं नाही. आणि समजा…"

पुढचं मला म्हणवलं नाही. ते त्यांनी म्हटलं.

"समजा तो गेला, तर माझं राहून जाईल. ते मला कळतंय. तार आल्यापासून मी दुसरा विचार केलेला नाही. तिथे जायचं, त्याच्या उशाशी बसायचं आणि एक गोष्ट सांगायची, एवढ्याचसाठी मी जायला निघालो होतो. पण मला जे सांगायचंय ते मराठीत आहे. ते तुलाही सांगता येईल. तुला जे करता येतं, ते मला येणार नाही. मी त्याची कूस कधी बदलली नाही. तो लहान असतानासुद्धा नाही. ते त्याच्या आईनं केलं, मग माझ्या बहिणीनं."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"तुमच्या लग्नाची बातमी आली त्या दिवशी मी दिनूच्या नावानं आंघोळ केली, हे तुझ्या कानावर आलं असेलच."

आलं होतं. न यायला काय झालं. वाई ती केवढी. जिवंत मुलाच्या नावानं आंघोळ करायची, म्हणजे आपल्यापुरता तो मेला, सुतक फिटलं, विषय संपला. ही बातमी आम्हाला चौथ्या दिवशी कुणीतरी घरी येऊन, चहा पिऊन सांगून गेलं होतं. त्या रात्री दिनकर जेवला नाही, आणि नंतर वडिलांचं नाव त्यानं कधी काढलं नाही. मी काढलं तर उठून जायचा.

"आलं कानावर," मी म्हटलं. "त्यांच्याही आलं."

"मी ती आंघोळ केली नाही."

मला नीट कळलं नाही.

"आळीतली चार माणसं ओसरीवर येऊन बसली होती. आता शास्त्रीबुवा काय करतात म्हणून. बहिणीनं बंब पेटवून दिला. मी न्हाणीघरात गेलो, कडी लावली, अंगावरचं उपरणं काढून ठेवलं. तांब्या भरून घेतला आणि हात डोक्यावर जाईना. पौषातली थंडी होती. पाटावर उघडा बसलो, आणि एकेक तांब्या भरून मोरीत ओतत राहिलो. बाहेर आवाज जावा म्हणून. घंगाळ रिकामं होईपर्यंत. मग पंचा डोक्याला गुंडाळला आणि बाहेर आलो. लोक गेले. बहिणीलासुद्धा सांगितलं नाही. तोऱ्यात राहिलो. लोकांना जे वाटतंय ते वाटू दिलं."

त्यांचा आवाज शाळेत धडा सांगावा तसा सरळ होता. डोळे मात्र वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"एवढं त्याला सांग," ते म्हणाले. "आणखी काही नको. क्षमा वगैरे शब्द घालू नकोस, ते मला शोभत नाहीत. पाणी मोरीत ओतलं, अंगावर थेंब घेतला नाही, एवढंच सांग. गेल्या गेल्या सांग. आधी ते."

मी हो म्हटलं.

ऑफिसातल्या साहेबांनी दोनदा विचारलं, की बाईमाणूस एकटी परदेशात, भाषा येत नाही, विचार केलाय ना. तात्या म्हणाले, "माझी सून जाईल. तिला लागणारे शब्द तिच्याजवळ आहेत." साहेबांनी माझं नाव लिहून घेतलं.

विमानात मी झोपले नाही. कोश मांडीवर घेऊन बसले होते. तात्यांसारखं पाठ करणं मला जमण्यातलं नव्हतं, मी आपली माझे शब्द काढून तिथे कागदाचे कपटे घालत होते. शेजारच्या बाईंना वाटलं मी शिक्षिका आहे.

हॉस्पिटलात दिनकरला बघितलं. एवढा उंच माणूस, पण चादरीखाली जणू कुणी नव्हतंच. त्यानं मला ओळखलं. "आलीस," एवढंच म्हणाला. आवाज फार बारीक येत होता. त्याला वाटलं असणार, मी आता रडेन, किंवा कसं झालं ते विचारीन. मी तसं काही केलं नाही. स्टूल ओढलं, त्याच्या कानाशी गेले आणि सांगितलं. आळीतली माणसं, बंब, कडी, तांब्या, मोरी, डोक्याला गुंडाळलेला पंचा. तात्यांनी सांगितलं तसं, त्याच क्रमानं. माझा एकही शब्द त्यात घातला नाही.

तो छताकडे बघत ऐकत होता. मग त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं. त्याला हात उचलून पुसताही येत नव्हतं.

नर्स तेवढ्यात आत आली. भली बाई होती. त्याला रडताना बघून घाबरली, दुखतंय का, काय झालं, असं काहीतरी मला विचारायला लागली. मी कोश काढला. तिला सगळं कसं सांगणार. वडील काढला, आंघोळ काढला, नाही मला येत होतं. तिन्ही एकापुढे एक ठेवले आणि म्हटले. तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि निघून गेली. परत आली ती कोमट पाण्याचं घमेलं आणि दोन पांढरे टॉवेल घेऊन. माझ्या हातात टॉवेल दिला, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि पडदा ओढून बाहेर गेली.

आता आलंच आहे पाणी, तर वाया कशाला घालवा. मी बाह्या वर केल्या, टॉवेल बुडवून पिळला आणि त्याचं तोंड पुसलं. मग मान, मग एकेक हात. बोटांच्या बेचक्यांत अजून यंत्राचं काळं तेल होतं. त्याला बरं वाटत होतं, ते कपाळावरून कळत होतं. बऱ्याच वेळानं तो बोलला. मला वाटलं पाणी मागतोय, म्हणून मी वाकले.

"पौषातलं ते," तो म्हणाला. "उघडे बसले होते तेवढा वेळ. थंडी वाजली असेल ग त्यांना."

त्यानंतर तो आठवडाभर होता. मी त्याची कूस बदलत होते, ओठ ओले करत होते. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. त्या हॉस्पिटलात माझं फ्रेंच ऐकून कुणी हसलं नाही. पण ताप हटला नाही, आणि एका दुपारी, माझा हात त्याच्या हाताखाली असताना, तो गेला. मी एकटी परत आले.

तात्या मला घ्यायला आले होते. त्यांना सगळं कळलेलं होतं. माणसं भोवती होती, माझे बाबा होते, कुणी पिशवी घेत होतं, कुणी पाणी देत होतं. मी सरळ तात्यांजवळ गेले आणि आधी ते सांगितलं. तो काय म्हणाला ते, त्याच्याच शब्दांत.

तात्यांनी ऐकलं. टोपी सरळ केली.

"परत एकदा सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.